कपाटावरचं जुनं चावीचं घड्याळ कसं ओळखायचं : नक्षी नंतर, आधी पाठ बघा

गोव्यात जुनं घर रिकामं करायला काढलं की सामानात एक तरी चावीचं घड्याळ निघतंच, आणि ते बघून कोणी ना कोणी लगेच बोलून टाकतो, "पोर्तुगीज काळातलं आहे, दोनशे वर्षं जुनं." आता पोर्तुगीज काळ 1961 पर्यंत होता, त्यामुळे पहिला अर्धा भाग सहसा खोटा नसतो, पण त्यातून काही कळतही नाही. दोनशे वर्षांचं मात्र ते जवळजवळ कधीच नसतं. आपल्याकडे कपाटावर, फडताळात किंवा सालातल्या, म्हणजे दिवाणखान्यातल्या, कोपऱ्यातल्या टेबलावर जी घड्याळं दिसतात ती बहुतेक 1870 ते 1940 मधली आहेत, फॅक्टरीत बनलेली, अमेरिकेची नाहीतर जर्मनीची, थोडी फ्रेंच, थोडी इंग्लिश, काही जपानी. आणि त्यांचं वय चुकतं ते एकाच कारणाने, माणसं नक्षी बघून वय ठरवतात.

आधी रिव्हायवलची, म्हणजे जुनी शैली परत काढण्याची, भानगड समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. ओल्ड गोव्याचं बॉम जेझू चर्च बघा, बरोक शैलीतलं, 1605 चं. सालिगांवचं माय द देवस चर्च बघा, पांढरंशुभ्र, टोकदार मनोरे, टोकदार कमानी, म्हणजे गॉथिक. गॉथिक ही शैली बरोकच्या कितीतरी आधीची, युरोपात ती 12व्या शतकापासूनची. म्हणून सालिगांवचं चर्च जुनं? नाही ना, ते 1873 चं, बॉम जेझूपेक्षा अडीचशे वर्षांहून नवीन. 19व्या शतकात युरोप-अमेरिकेत जुन्या शैली परत काढायची लाटच आली होती, गॉथिक झालं, रोकोको झालं, रेनेसान्स, ग्रीक, इजिप्शियन सगळं झालं, आणि घड्याळवाल्या फॅक्टऱ्यांनी ते सगळं लाकडात, लोखंडात, चिनी मातीत उतरवून जगभर विकलं. म्हणजे शैली फक्त एवढंच सांगते की घड्याळ अमुक काळाच्या आधीचं असू शकत नाही. नंतरचं किती, ते आतलं मशीन सांगतं.

म्हणून घड्याळ हातात आलं की पहिल्यांदा ते फिरवा आणि पाठ उघडा. (उचलायच्या आधी लंबक काढून घ्या, लंबक लटकत ठेवून घड्याळ हलवलं की वरची पातळ पट्टी वाकते, आणि ती वाकली की घड्याळ चालायचं नाही.) सोबत टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि मोबाइलचा कॅमेरा एवढं पुरे. स्क्रू अजून काही काढू नका.

पाठीमागे काय बघायचं

मशीनच्या पितळी पत्र्यावर ठसा असतो, कधी अगदी बारीक, फोटो काढून मोठा करून बघा. आठ टोकांचा तारा म्हणजे युंगहान्स, जर्मनीत श्रामबेर्ग गावची कंपनी, 1861 ला सुरू झाली पण तो तारा 1890 पासूनचा. एकमेकांवर आडवे टाकलेले दोन बाण म्हणजे हॅम्बर्ग अमेरिकन क्लॉक कंपनी, ही पण श्रामबेर्गचीच, नावात अमेरिकन असलं तरी, कारण त्यांनी अमेरिकन पद्धतीची स्वस्त मशीनं बनवायला घेतली होती. नांगर आणि जी बी अक्षरं म्हणजे गुस्टाफ बेकर, खाली सिरियल नंबर असतो आणि त्यावरून साल काढायचे तक्ते नेटवर सहज मिळतात. सेथ थॉमस असेल तर मजा आहे, त्यांनी बऱ्याच घड्याळांच्या तळाला किंवा पाठीला साल उलटं छापलंय, म्हणजे 2881 आणि पुढे ए हे अक्षर दिसलं की ते 1882 चा जानेवारी, कारण ए ते एल ही अक्षरं बारा महिन्यांची. लोक तो मॉडेल नंबर समजून सोडून देतात.

अन्सोनिया, न्यू हेवन, वॉटरबरी, इन्ग्रॅहम, गिल्बर्ट ही बाकीची अमेरिकन नावं, यातल्या बहुतेकांचं मूळ कनेक्टिकट राज्यात. सेइकोशा असं असेल तर जपान, कंपनी 1892 ला सुरू झाली, म्हणजे त्याच्या आधीचं असूच शकत नाही. आणि रेग्युलादोरा असं नाव दिसलं तर ते खरोखरच पोर्तुगालचं, विला नोवा द फामालिकांव गावच्या फॅक्टरीतलं, आणि ही फॅक्टरी पण 19व्या शतकाच्या शेवटाकडची. डायलवर मुंबईचं नाव असलं, फाव्र ल्यूबा किंवा वेस्ट एंड, तर बहुतेक वेळा तो विकणारा, बनवणारा नव्हे, म्हणून डायल वाचून थांबू नका.

"जर्मनी" किंवा "मेड इन जर्मनी" असं छापलेलं असेल तर साधारण 1890 च्या अलीकडचं धरा. 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर आणि 1890 च्या अमेरिकन टॅरिफ (आयात कराच्या) कायद्यानंतर परदेशी मालावर देशाचं नाव घालायची पद्धत पडली. डीआरजीएम ही अक्षरं (जर्मनीतल्या डिझाइन-नोंदणीची खूण) असतील तर 1891 नंतरचं.

फ्रेंच मशीन लांबूनच कळतं, गोल, जाडजूड, घट्ट बसवलेलं, आणि त्याच्यावर प्रदर्शनातल्या मेडलचा गोल ठसा असतो, जापी फ्रेर, एस. मार्ती वगैरे. मेडलवर 1889 असेल तर घड्याळ 1889 चं असा अर्थ नाही हं, त्या सालानंतर कधीही बनलेलं असू शकतं. डायलवर 12 च्या डोक्यावर एक छोटं भोक आणि आत चौकोनी टोक दिसलं तर ती ब्रोकोची पद्धत, पुढूनच छोट्या चावीने वेळ मागेपुढे करता येते, आणि ती 1840 च्या सुमाराची शोधलेली. त्याआधीच्या फ्रेंच मशीनमध्ये लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असायचा. दोरा दिसला तर गप्प बसा आणि घासाघीस करू नका, लगेच घ्या.

आत कागदाचं लेबल असेल तर ते सोन्यासारखं जपा. अमेरिकन लेबलच्या तळाला छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो, छापखाने जागा बदलायचे, आणि त्या पत्त्यावरून अभ्यासकांनी घड्याळांची सालं लावलीत.

आता पुढून बघा

टोकदार छप्पर आणि दोन बाजूंना दोन मनोरे असलेलं घड्याळ म्हणजे स्टीपल क्लॉक, गॉथिक रिव्हायवल. हे डिझाइन इलायस इन्ग्रॅहमचं मानतात, 1840 च्या दशकातलं. उंची साधारण 20 इंच, खालच्या काचेवर रंगीत चित्र. हे इतकं खपलं की सगळ्या कंपन्यांनी पुढे कित्येक दशकं बनवलं, म्हणून "गॉथिक" एवढंच ऐकून पैसे देऊ नका. मनोऱ्यांची टोकं तपासा, ती हमखास मोडतात आणि नंतर कोणी मेस्त (सुतार) नवी कातून बसवतो, दोन्ही टोकांचं लाकूड, रंग, जाडी जुळते का ते बघितलं की कळतं.

चौकटीचं लाकूड नागमोडी, बाहेर फुगून आत वळलेलं, आकार साधा उभा खोक्यासारखा, असं असेल तर ते ओजी. यात सहसा स्प्रिंग नसते, दोन वजनं असतात. वजनं हरवलेली ओजी खूप फिरतात बाजारात, विकणारा सांगतो "सेल घालून चालेल", तिथून निघा.

काळी घड्याळं हा मोठा विषय आहे आणि इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी होते. देवळासारखा आकार, पुढे खांब, वर त्रिकोण किंवा सपाट डोकं, म्हणजे ग्रीक रिव्हायवल, कधी त्यात स्फिंक्स नाहीतर इजिप्तच्या खुणा, कारण 1869 ला सुएझ कालवा उघडल्यावर इजिप्तचं वेड आलं आणि 1922 ला तुतनखामेनची कबर सापडल्यावर परत आलं. मूळ फ्रेंच घड्याळं काळ्या दगडाची, बरीचशी बेल्जियमच्या दगडाची. तो दगड महाग आणि जड, म्हणून अमेरिकनांनी नकला काढल्या, अन्सोनियाने लोखंडावर काळं इनॅमल चढवलं आणि सेथ थॉमसने लाकडावर सेल्युलॉइडचा (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा) पातळ थर चिकटवून त्याला अॅडमंटाइन असं भारी नाव दिलं, त्याचं पेटंट 1880 चं. आता ओळखायचं कसं, तर आधी चुंबक लावा, चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर बोटाने टकटक करा, पोकळ वाजलं तर लाकूड. दगड असेल तर हाताला थंडगार लागतो आणि एकट्याला उचलताना कंबर सांगते. अॅडमंटाइनवाल्याला एक धोका आहे, सेल्युलॉइड भुरकन पेटतं, त्यामुळे समई-निरांजनाच्या जवळ ठेवू नका आणि थिनर-स्पिरिटने पुसू नका, थर विरघळतो.

वर बसलेली बाई, शिपाई, घोडा अशी मूर्ती असेल तर विकणारा ब्राँझ सांगणारच. मूर्तीच्या तळाला, न दिसणाऱ्या जागी बारीक ओरखडा काढून बघा, पिवळं निघालं तर ब्राँझ, राखाडी निघालं तर स्पेल्टर, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. स्पेल्टर वाईट नाही, फक्त ब्राँझच्या भावाने घेऊ नका.

फुलाफुलांची चिनी मातीची, कडा शिंपल्यासारख्या वळलेल्या, ती रोकोको रिव्हायवल. खरं रोकोको 15व्या लुईच्या काळातलं, 18वं शतक. आपल्याला मिळतील ती 1900 च्या आसपासची, त्यातली प्रसिद्ध रॉयल बॉन, म्हणजे बॉडी जर्मनीत बॉन शहरची आणि मशीन अन्सोनियाचं. केसासारखी चीर आहे का ते बाहेरून नाही कळत, आत टॉर्च लावून बाहेरून बघा.

ओक लाकडावर दाबून उठवलेली भरमसाट नक्षी, वर मुकुटासारखं काहीतरी, ती किचन क्लॉक, 1880 ते 1915. ती नक्षी कोरलेली नसते, मशीनने प्रेस केलेली असते. मला ती फारशी आवडत नाहीत पण चालायला एकदम दणकट. नेपोलियनच्या टोपीसारखा लांबट आकार असेल तर बहुतेक 1910 नंतरचं, आणि कोनाकोनाचं आर्ट डेको असेल तर 1925 नंतरचं, स्मिथ-एनफिल्डची असली इंग्लिश घड्याळं अजून बऱ्याच घरांत चालू आहेत.

इंग्लिश ब्रॅकेट क्लॉकचा नमुना मात्र नीट बघा, वर पितळी हँडल, घुमटासारखं डोकं, डायलभोवती पितळी कोपरे. 18व्या शतकातलं अस्सल असेल तर आत फ्यूझी असते, म्हणजे शंकूसारखं चाक आणि त्याला गुंडाळलेली बारीक साखळी किंवा दोरी. त्याच रूपाचं, पण आत साधा स्प्रिंगचा डबा आणि जर्मन मशीन, असं 1890 ते 1910 मध्ये विंटरहाल्डर आणि होफमायरसारख्या कंपन्यांनी खूप बनवलं. वस्तू सुंदरच आहे ती, पण शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, अडीचशेची नाही, आणि किमतीत फरक केवढा पडतो ते सांगायला नको.

बॉडी आणि मशीन एकाच घरचं आहे का

वरून कीर्तन आतून तमाशा असली घड्याळं पुष्कळ. एका घड्याळाची पेटी, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याची डायल. आत रिकामी स्क्रूची भोकं दिसली, चावीचं भोक आतल्या टोकाच्या बरोबर समोर नसलं, लंबक पेटीला घासत असला किंवा काचेच्या खिडकीतून दिसतच नसला, तर मशीन बदललंय. फुलीचे स्क्रू म्हणजे फिलिप्स, ते 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर आले, त्याआधीच्या घड्याळात ते दिसले तर कोणीतरी हात घातलाय. 19व्या शतकातल्या घड्याळाच्या पाठीला प्लायवूड असेल तरीही तेच.

पण एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. गोव्यात सागवानी किंवा शिसवी पेटीत जर्मन नाहीतर अमेरिकन मशीन असं सापडतं. अमेरिकन पेट्या ओक, अक्रोड, महोगनीच्या, सागाच्या नव्हेत, म्हणजे मूळ पेटी पावसाने किंवा वाळवीने खाल्ली आणि इथल्या मेस्ताने नवी करून दिली. संग्राहक अशाला नाक मुरडतात, भावही कमी मिळतो. मला विचाराल तर काम चांगलं असेल तर मी हेच घेईन, नक्षीत आपल्या खुर्च्यांवरची आणि चर्चमधल्या अल्टारांवरची (वेदींवरची) वेलबुट्टी आलेली असते आणि ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही. फक्त विकणाऱ्याने "ओरिजिनल" म्हणून भाव लावू नये एवढंच.

आणि चकचकीत पितळी, मुद्दाम काळपट केलेली, डायलवर "व्हिक्टोरिया स्टेशन लंडन 1747" असलं काही छापलेली घड्याळं हणजूणच्या बाजारापासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे आहेत. व्हिक्टोरिया राणी जन्मली 1819 ला आणि स्टेशन उघडलं 1860 ला. शोभेला घ्या खुशाल.

चालू कसं करायचं

घड्याळ सपाट जागी ठेवा, लंबक अलगद अडकवा. दोन भोकं असतात तेव्हा बहुतेक वेळा उजवं वेळेचं आणि डावं टोल्यांचं, दोन्हींना चावी द्या. "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं" हे घरोघरी ऐकू येतं, ते तसं नसतं, पूर्ण चावी भरल्याने घड्याळ अडकत नाही, वाळलेल्या तेलाने आणि कचऱ्याने अडकतं.

मग कान लावा. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. टिकटॉक...टिकटॉक असं लंगडत असेल तर थोड्या वेळात बंद पडणार. पेटीच्या एका बाजूखाली जाड पुठ्ठा सरकवून बघा, मग दुसऱ्या बाजूला, जिथे आवाज समान होतो तिथे ठेवा. कायमचा उपाय म्हणजे लंबकाला ढकलणारी आतली तार थोडी वाकवणे, पण ते घड्याळजीला करू द्या.

काटे फिरवताना मिनिटकाटाच फिरवा, पुढेच, आणि प्रत्येक तासाला, अर्ध्या तासाला थांबून टोले पूर्ण होऊ द्या. काटा चारवर आणि टोले सात पडत असतील तर घाबरू नका, तासकाटा नुसता दाबून बसवलेला असतो, तो हळूच सातवर सरकवा आणि मग मिनिटकाट्याने पुढे नेत खरी वेळ लावा.

पुढे पळत असेल तर लंबकाच्या खालची चक्री फिरवून गोळा खाली घ्या, मागे पडत असेल तर वर. लांबी एक टक्का वाढली की दिवसाला साधारण 7 मिनिटं मागे पडतं, म्हणून चक्री अर्धा फेराच फिरवा आणि दुसऱ्या दिवशी बघा, तासातासाला छेडत बसू नका.

तेलाबद्दल कळकळीने सांगतो, खोबरेल घालू नका. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या दारापासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याला खोबरेल, पण ते 24 अंशांच्या खाली थिजतं आणि काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं. फवाऱ्याचे स्प्रेही नकोत. घड्याळाचंच तेल आणा, सुईच्या टोकाएवढं, आणि फक्त चाकांचे आस पत्र्यात जिथे फिरतात त्या भोकांत. दात कोरडेच राहिले पाहिजेत. आणि स्प्रिंग भरलेली असताना मशीन खोलायचा प्रयत्न अजिबात करू नका, ती सुटली तर बोटं फाटतात, हा विनोद नाही.

पावसाळ्यात घड्याळ बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल झिरपते आणि वाळवी तिथूनच येते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनही नको, आत घाम धरतो आणि पोलादी भागांना गंज चढतो. जुनं व्हिनियर (वरचा पातळ लाकडी पापुद्रा) सरसाने चिकटवलेलं असतं, दमट हवेत ते सुटतं, ते परत सरसानेच चिकटवून घ्या, फेव्हिकॉल लावलं की पुढच्या माणसाला ते सोडवता येत नाही. सोनेरी मुलामा असेल तर ब्रासो लांब ठेवा, मुलामा गेला की गेला. आणि जुनं पॉलिश घासून नवं चकाचक करायची हौस असेल तर ती नव्या फर्निचरवर भागवा.

लिस्बनला किंवा लंडनला राहणाऱ्या भाच्याला आजीचं घड्याळ पाठवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, 1972 च्या अँटिक्विटीज (पुरावस्तू) कायद्याप्रमाणे 100 वर्षं किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घड्याळ त्यात बसतं की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं, पुरातत्त्व खात्याला फोटोसकट विचारायचं आणि लेखी घ्यायचं, विमानतळावर कस्टमवाल्यासमोर उलटं छापलेलं साल समजावून सांगत बसण्यापेक्षा ते बरं.